कोण कुठून आलं, हे मी शिकवायचो

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून. तरी 'अबखाझ' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, दुबईत अल बर्शामधल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, सहावीतल्या एका मुलीच्या तोंडून.

मुलगा जबल अली बंदरावर एका मालवाहतुकीच्या कंपनीत आहे, सून बँकेत. दोघं सकाळी सातला बाहेर पडतात. आम्ही नवरा-बायको पुण्याहून सहा महिन्यांसाठी म्हणून आलो, त्याला आता तीन वर्षं होतील. दुपारी नातीला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं, खायला घालायचं, अभ्यासाला बसवायचं, हे आमचं काम. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी नातीच्याच वर्गात. तिचे वडील जहाजावर असतात. आई एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिला दुपारची शिफ्ट असली की मुलगी आमच्याकडे येई. बायकोच्या हातचं थालीपीठ दही लावून खाई, आणि नातीबरोबर जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसे. मायलेकी आपसात रशियन बोलत, म्हणून मी त्यांना रशियनच समजत होतो. एकदा तसं बोललोही.

"आजोबा, शी इज नॉट रशियन," नात म्हणाली. "ओन्ली पासपोर्ट. शी इज अबखाझ."

मला वाटलं, एखाद्या गावाचं नाव असेल. मुलीने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तिने वहीच्या मागच्या पानावर काळा समुद्र काढला, त्याच्या वरच्या अंगाला डोंगरांची रांग काढली आणि दोन्हींच्या मधे पेन्सिल टेकवून म्हणाली, "इथे."

इतका सगळा वेळ हातात असताना आणि एवढा शिकलेला असताना हे आपल्याला माहीत नाही, याची थोडी लाज वाटली. ती लाजच पुढे मला नडली.

शाळेने त्यांना एक काम दिलं होतं. प्रत्येकाने आपले लोक मुळात कुठून आले यावर एक पान लिहायचं आणि वर्गात उभं राहून वाचायचं. नातीने घरी ऐकलेल्या आणि इंटरनेटवर मिळालेल्या गोष्टी जोडून आमचं कोकणातलं मूळ उभं केलं. समोरच्या मुलीने आपलं पान माझ्यापुढे ठेवलं. माझे आजोबा हिस्टरी टीचर होते, असं नातीने तिला अभिमानाने सांगितलं होतं.

"सर, हे तपासाल का?"

तिच्या पानावर एक गोष्ट होती. देव सगळ्या लोकांना जमीन वाटत होता. अबखाझ माणूस उशिरा पोचला. तोवर सगळी जमीन वाटून झाली होती. देवाने विचारलं, उशीर का केलास? तो म्हणाला, घरी पाहुणा होता, त्याला सोडून कसा येणार? देव खूश झाला आणि त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेला समुद्रकाठचा तुकडा त्याला देऊन टाकला. शेवटी लिहिलं होतं, 'तेव्हापासून आम्ही तिथे आहोत.'

"गोष्ट छान आहे," मी म्हटलं. "पण हा इतिहास नाही."

"मग इतिहास काय आहे?"

"थांब, बघून सांगतो."

मी टॅबलेट घेऊन बसलो. वीसेक मिनिटं वाचलं असेल. त्या लोकांच्या मुळाबद्दल एकमत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक आणि रोमन लेखकांनी त्या किनाऱ्यावरच्या जमातींची नावं लिहून ठेवली आहेत. काही अभ्यासक म्हणतात, ते अबखाझांचेच पूर्वज. दुसरे म्हणतात, ते लोक वेगळेच, आजचे अबखाझ काही शतकांपूर्वी डोंगर ओलांडून उत्तरेकडून आले. तिसरे म्हणतात, अबखाझ आणि शेजारचे जॉर्जियन दोघेही तिथले जुनेच. यातलं दुसरं मला आवडलं. आवडायचं कारण सांगतो. वर्गात फळ्यावर नकाशा काढून त्यावर रंगीत खडूने बाण मारणं हा माझा आवडता प्रकार होता. शक इथून आले, हूण इथून, पोर्तुगीज या बाजूने. बाण मारला की मुलांच्या लक्षात राहतं, परीक्षेत मार्क मिळतात. कायम तिथेच राहिलेल्या लोकांचा बाण काढता येत नाही.

मी तिच्या गोष्टीवर आडवी रेघ मारली. खाली नकाशा काढला, डोंगराच्या पलीकडून समुद्राकडे येणारा बाण काढला आणि इंग्रजीत लिहिलं, 'माझे लोक डोंगरापलीकडून आले. त्यांच्या आधी तिथे दुसरे लोक राहत होते.'

मुलीने त्या बाणावरून बोट फिरवलं.

"सर, मग आमच्या आजीचं घर कोणाचं?"

"तुमचंच. आणखी कोणाचं?"

"पण आधी दुसरे राहत होते ना?"

"अगं, आधी सगळीकडेच कोणी ना कोणी राहत असतं," मी म्हणालो. उत्तर मला चांगलं वाटलं. तिने वही मिटली. ताटलीतलं अर्धं थालीपीठ तसंच ठेवून ती नातीबरोबर खाली खेळायला गेली.

संध्याकाळी सातच्या सुमाराला बेल वाजली. मुलगा नुकताच ऑफिसातून येऊन बूट काढत होता. दारात तिची आई उभी होती, दवाखान्याच्या निळ्या युनिफॉर्ममध्येच, हातात तो कागद. मुलाने आत बोलावलं. ती आत आली, पण बसली नाही.

"हा बाण कोणी काढला?" तिने विचारलं.

"मी."

"का?"

बत्तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मुलं 'कधी' विचारत, 'कुठून' विचारत. सर, हे तुम्ही का सांगता, असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो की मी वाचलं, तसं एक मत आहे.

"मला माहीत आहे तसं एक मत आहे. ते वाक्य मला पाठ आहे." तिचा आवाज अजिबात चढला नाही. ती इंग्रजी सावकाश, एकेक शब्द जुळवून बोलते. "मी नऊ वर्षांची होते. समुद्राजवळच्या आमच्या गल्लीत भिंतीवर कोणीतरी ते रंगाने लिहिलं होतं. तुम्ही पाहुणे आहात, डोंगरापलीकडे परत जा. मी आईला विचारलं, आपण पाहुणे आहोत का? आईने मला घरात ओढून घेतलं. आधी ते वाक्य आलं. मग जॉर्जियाचे रणगाडे आले. माझा भाऊ एकोणीस वर्षांचा होता."

ती पुढे बोलेल म्हणून आम्ही थांबलो. तिने हातातल्या कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

मी गप्प बसायला हवं होतं. पण शिक्षकाची जीभ. मी म्हणालो, "पण तुमच्याकडे जुनी कागदपत्रं असतील ना? दप्तर, नोंदी? त्यावरून सिद्ध करता येतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोसलं असतं.

"होती," ती म्हणाली. "एका इमारतीत सगळी ठेवली होती. आमच्या भाषेतली पत्रं, जुनी गाणी, कुठल्या गावात कोण राहत होतं त्याच्या नोंदी. लढाईत ती इमारत जळली. लोक राखेतून अर्धवट जळलेले कागद वेचत होते, माझे वडीलही त्यांत होते. त्याच्याही आधी, माझी आजी शाळेत शिकवत होती तेव्हा, एका वर्षी सुट्टी संपून शाळा उघडली आणि आमच्या भाषेतली पुस्तकंच नव्हती. तिला सांगितलं, आता जॉर्जियनमधून शिकवा. म्हणून माझ्या मुलीने गोष्ट लिहिली. आमच्याकडे ती उरली आहे."

तिने कागद टेबलावर ठेवला. माझ्या बायकोला "सॉरी" म्हणाली. दार अगदी हळू ओढून घेतलं.

मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही.  मुलाने पाणी आणून दिलं.

"बाबा, इथे असल्या टॉपिकवर कोणी बोलतच नाही," तो म्हणाला. "आमच्या टीममध्ये अकरा देशांचे लोक आहेत. लंचला ट्रॅफिक आणि बिर्याणी, बस. कोणी दुसरं काही काढलं की मॅनेजर म्हणतो, खलास हबीबी, बॅक टू वर्क."

दोन दिवसांनी माझी गुडघ्याच्या व्यायामाची वेळ होती. आठ महिन्यांपासून एक फिजिओथेरपिस्ट बाई माझा गुडघा बघतात, चाळिशीच्या आतबाहेर, हसऱ्या. त्या जॉर्जियाच्या. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं तेव्हा मी अमेरिकेतलं जॉर्जिया समजलो होतो आणि त्या खूप हसल्या होत्या. आता मला वाटलं, या शेजारच्याच. यांच्याकडून खरं काय ते कळेल. मी एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला विचारावं तसं सहज विचारलं, "अबखाझ लोक मुळात कुठले?"

गुडघ्यावरचा त्यांचा हात थांबला.

"तुम्हाला कोणी सांगितलं त्यांच्याबद्दल?"

"शेजारी एक मुलगी आहे. शाळेचा प्रोजेक्ट."

त्यांनी हात काढून घेतला, मशीनचं बटण उगाच चालू-बंद केलं. मग म्हणाल्या, "माझा जन्म तिथला. आम्ही जॉर्जियन, पण घर तिथे होतं, समुद्राजवळ. मी सात वर्षांची असताना लढाईत अबखाझ जिंकले आणि आम्हाला निघावं लागलं. रस्ते बंद होते, म्हणून डोंगरातून चालत. वर बर्फ पडत होतं. माझ्या पायात उन्हाळ्यातल्या सँडल होत्या. आजी एका दगडावर बसली, म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते."

त्यांनी माझा पाय उचलून खाली उशी सरकवली. काम करताना बोलणं त्यांना सोपं जात असावं.

"मग आम्ही जॉर्जियाच्या राजधानीत एका जुन्या हॉटेलात राहिलो, एका खोलीत सहा जण. आमच्यासारख्या मुलांची वेगळी शाळा होती. तिथे बाईंनी शिकवलं, अबखाझ नंतर आले, डोंगरावरून खाली आले. आम्हाला ते ऐकून खूप बरं वाटायचं. आपलं घर आपलंच आहे असं वाटायचं. पुढे कॉलेजात एका सरांनी सांगितलं की तसं नाही, ते आणि आपण दोघेही तिथले जुने. मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, आधी कोण आलं ते तुझ्या सरांना ठेव. आपल्या दाराला आज कुलूप कोणाचं आहे, ते मला सांग."

 विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, त्या मुलीने एक गोष्ट लिहिली होती. देव जमीन वाटत होता, आणि...

"आणि जॉर्जियन माणूस उशिरा आला," त्यांनी वाक्य तोडलं. "कारण तो मित्रांबरोबर बसून देवाच्याच नावाने वाइनचा पेला उचलत होता. मग देवाने स्वतःची जमीन त्याला दिली. ही आमची गोष्ट आहे. ती मुलगी कशी लिहील?"

मी टेबलावर उताणा पडलो होतो. वरच्या पांढऱ्या छताकडे बघत राहिलो. तिच्या गोष्टीतला उशीर पाहुण्यामुळे होतो आणि तुमच्यातला पेल्यामुळे, हे मी त्यांना सांगितलं नाही. या दोघी एकाच मुलखातल्या. त्यांच्या बोलण्यातून मला तेवढं कळलं होतं. दोघींची घरं समुद्राजवळ. दोघी लहान असताना एकाच किनाऱ्यावर खेळल्याही असतील. आणि आज इथे एकीचा दवाखाना दुसरीच्या दवाखान्यापासून मेट्रोच्या दोन स्टेशनांवर. मी काय करून बसलो होतो, ते आता मला दुसऱ्या बाजूनेही दिसत होतं. एका ओळीच्या आधाराने एक मूल झोपी जात होतं आणि त्याच ओळीला दुसरं मूल घाबरत होतं, आणि मी ती ओळ वीस मिनिटांत निवडली होती.

टॅक्सीने घरी आलो. बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ही आमच्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. माझं बोलणं संपलं तरी ती पानं खुडत राहिली.

"तुम्हाला ती पारधी वस्तीवरची मुलगी आठवते का?" तिने विचारलं.

"कोणती?"

"पाचवीत होती तुमच्या वर्गात. लांब केस. वस्तीतून शाळेत आलेली पहिलीच मुलगी. तुम्हीच तिचं नाव दाखल करून घेतलं होतं."

दाखल करून घेतल्याचं आठवलं. सत्काराच्या भाषणांत मी ते दोन-तीनदा सांगितलंही होतं. पुढचं आठवत नव्हतं.

"स्थलांतराचा धडा होता," ती म्हणाली. "तुम्ही तिला उभं केलंत आणि वर्गाला सांगितलंत, हिचे लोक राजस्थान-गुजरातेकडून आले, म्हणून यांची बोली वेगळी. नकाशावर दाखवलंत. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मधल्या सुट्टीत पोरं तिला म्हणायला लागली, तू बाहेरची, आमच्या नळाला हात लावू नकोस, गुजरातला जा. चार दिवस ती वर्गाबाहेर बसली. मग आली नाही. तिची आई माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, बाई, आमी हितलंच हाव. माजा बाप हितं मेला, त्याचा बाप हितं मेला. पोरीला काय सांगू?"

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

तिने मान वर केली.

"अहो, सांगितलं होतं. त्याच दिवशी. जेवायला बसला होतात. तुम्ही म्हणालात, पुस्तकात आहे तेच शिकवलं, ह्या लोकांची मुलं तशीही टिकत नाहीत."

 एखादी गोष्ट विसरणं मी समजू शकतो. पण हे मला सांगितलं गेलं होतं, मी त्यावर उत्तर दिलं होतं, जेवण संपवलं होतं, हात धुतले होते आणि त्यातलं काहीही माझ्याजवळ उरलं नव्हतं. तिच्याजवळ सगळं होतं, त्या आईच्या शब्दांसकट. आणखी एक गोष्ट मला त्या क्षणी लख्ख आठवली. तो धडा मी इतकी वर्षं शिकवला की तोंडपाठ होता. त्यात पारध्यांचा उल्लेख नव्हता. ते उदाहरण माझं होतं. धडा सोपा व्हावा म्हणून समोर बसलेली मुलगी मी वापरली होती.

"पुस्तकात नव्हतं ते," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीही तेव्हा गप्पच बसले की."

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. नवीन कोरा कागद बरोबर नेला होता. तिन्ही मतं नीट लिहून देतो, कोणालाच दुखावणार नाही असं, हे मनात जुळवून ठेवलं होतं. आईने दार उघडलं. मी माफी मागितली. तिने ती स्वीकारली, मान हलवून. कागदाला मात्र तिने हात लावला नाही.

"तुम्ही आता काही लिहू नका," ती म्हणाली. "ती मोठी झाली की सगळं वाचेल. जॉर्जियन लोकांनी लिहिलेलंही वाचेल, मी अडवणार नाही. पण अकराव्या वर्षी तिने वर्गासमोर उभं राहून स्वतःवर रेघ मारायची, हे मला नको."

मी त्या फिजिओथेरपिस्ट बाईंबद्दल सांगणार होतो. तुमच्याच मुलखातल्या एक बाई इथे आहेत, असं. तोंडापर्यंत आलं होतं. मग विचार केला, कोणाची परवानगी घेऊन सांगतो आहे मी हे? गिळून टाकलं. आजतागायत दोघींपैकी कोणालाही मी दुसरीबद्दल बोललेलो नाही. ते बरोबर की चूक, मला ठरवता आलेलं नाही.

वर्गात त्या मुलीने ते पान वाचलंच नाही. वर्गशिक्षिकेने आधी सगळ्यांची पानं पाहून ठेवली आणि तीन-चार मुलांना सांगितलं की वाद होईल असं काही नको, त्यापेक्षा खाण्याबद्दल बोला. मग मुलीने आजीच्या हातच्या मिरचीच्या तिखट चटणीबद्दल सांगितलं. टाळ्या मिळाल्या म्हणे. नात घरी येऊन म्हणाली, "इट वॉज नाइस, बट शी वॉज सॅड." माझ्या चुकीच्या वाक्याइतकंच ते मला लागलं. मी चुकीचं शिकवलं, आणि शाळेने काहीच न शिकवून प्रश्न मिटवला. त्या शाळेचा मुख्याध्यापक मी असतो तर मीही हेच केलं असतं, हे मला स्वच्छ कळत होतं.

तीन आठवडे मुलगी आमच्याकडे आली नाही. मग तिच्या आईची शिफ्ट बदलली, दुसरा इलाज नव्हता, आणि ती पुन्हा टेबलावर येऊन बसू लागली. गणित करते, विज्ञान करते. मला काही विचारत नाही. मीही वाकून बघत नाही.

आमच्या शाळेतल्या त्या पारधी मुलीचं नाव मला बायकोने सांगितलं तेव्हा आठवलं. ती आता चाळिशीला आली असेल. मी पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो अजून शाळेच्या जवळच राहतो. म्हटलं, जरा चौकशी कर, ती वस्ती, ते कुटुंब. चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला.

"सर, जुनं रजिस्टर काढलं," तो म्हणाला. "सतत गैरहजर, नाव कमी केले, असा शेरा आहे. खाली वर्गशिक्षक म्हणून तुमची सही. आणि वस्ती आता नाही. तिथून मोठा रस्ता गेला. त्याला झाली दहा-बारा वर्षं."

"लोक कुठे गेले?"

"ते कोण सांगणार? कोणी म्हणतं सोलापूरकडे गेले, कोणी म्हणतं इथेच नदीच्या पलीकडे पालं टाकून होते. नोंद कुठेच नाही."

   मग त्याने विचारलं, "पण सर, इतक्या वर्षांनी ती कशाला हवी होती?"

त्याला खरं सांगायला हवं होतं. तोही त्याच शाळेत भूगोल शिकवायचा, नकाशे काढूनच.

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."